टिकाऊ टोपल्या

प्लास्टिकचे टब आल्यापासून आमच्या टोपल्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. त्यात परदेशी ऑर्डर आली. ती पार पडली तर विणकामाची शेड राहणार, नाही तर धाकटा भाऊ दूर कुठल्या गोदामात नोकरीला जाणार, असं भावजयीने मला सांगून ठेवलं होतं.

नमुन्याची टोपली मीच विणली. काठ नेहमीसारखा, वेताच्याच सालीने बांधलेला. ती तिकडे पसंत पडली. मग एजंटचा फोन आला. बाकी सगळं ठीक, फक्त माल टिकाऊ हवा, कंपनीचा सगळा भर त्यावरच आहे.

"टिकाऊच ना? देतो की," धाकटा म्हणाला. फोन ठेवून माझ्याकडे वळला. "ताई, साल दोन पावसाळ्यांत सुटते. काठ नायलॉनने बांधू. वरून व्हार्निशचा हात."

"नमुन्यात नव्हतं ते."

"नमुन्यापेक्षा चांगलं दिलं तर कोण रडणार आहे?"

मलाही पटलं. भावजय त्याला शेठ म्हणू लागली. "शेठ, चहा इथलाच चालेल, का परदेशातून मागवू?" नायलॉनने बोटं चिरली, व्हार्निशच्या वासाने डोकं धरलं, पण माल वेळेत झाला. कितीही ओढा, एक काठ हलेना.

माल न्यायला एजंट स्वतः आला. त्याने एक टोपली उचलून नाकाशी नेली. मग काठाला लायटर लावला. नायलॉन वितळून काळा थेंब फरशीवर पडला.

"हे काय केलंत?"

"टिकाऊ केलं," धाकटा म्हणाला. "तुम्हीच म्हणालात."

"अहो, तसं टिकाऊ नाही! निसर्ग टिकला पाहिजे. टोपली जुनी झाली, मातीत टाकली, की तिची माती झाली पाहिजे. त्यांचा माणूस तपासून घेतो सगळं."

"म्हणजे कुजायला हवी?" भावजयीने विचारलं.

"एका अर्थी, हो."

"मग कुजणारी म्हणायचं होतं. वन्सं, ते तर आपण जन्मभर करतोय!"

कोणी हसलं नाही. एजंट वाईट नव्हता. बाहेर उन्हात उभा राहून त्याने बरेच फोन केले. मुदत वाढवून मिळाली नाही. व्हार्निश वेतात मुरलं होतं, ते निघण्यातलं नव्हतं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला.

धाकटा चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो जेवला, आपलं ताट धुऊन पालथं घातलं आणि शेडवर कधीपासून डोळा असलेल्या टायरवाल्याला फोन केला.

टायरवाल्याला शेड लगेच हवी होती. टोपल्या फार जागा खातात, म्हणून चेपायच्या ठरल्या. धाकटा एकीवर दोन्ही पाय देऊन उभा राहिला. ती दबली. तो उतरला, ती वर आली. परत चढला, परत तेच.

"चांगली झालीय," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

मग आम्ही त्या तशाच परसात रचल्या. टायरवाल्याने नटबोल्ट ठेवायला एक मागितली. "न्या," म्हटल्यावर दोन नेल्या.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला बसवर सोडायला मीच गेले. भावजय आली नाही. त्याने खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली.

"ताई, थोडा वेत उरलाय. तो घरात घे. टायरचा वास लागला की जात नाही."

"घेते," मी म्हटलं.

बस सुटली.