भेगेवरची पाटी

मी एक पत्र्याची जुनी पाटी आहे. मित्रांनो, तुम्ही शाळेत जिच्यावर अक्षरं गिरवता ती पाटी मी नव्हे. माझी अक्षरं पुसली जात नाहीत. माझ्या एका अंगावर निळ्या रंगात लिहिलेलं आहे, 'घर भाड्याने देणे आहे', आणि दुसऱ्या अंगावर लाल रंगात, 'घर विकणे आहे'. खाली फोन नंबर होता. त्यातले चार आकडे आता गंजाने खाल्ले.

मेहकरला गोकुळ पेंटरच्या दुकानात माझा जन्म झाला. आधी मी तेलाच्या डब्याचा पत्रा होते. गोकुळने मला ठोकून सपाट केलं, पांढरा रंग दिला आणि जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर काढलं. मला बनवून घेणारे किसनराव सुलतानपूरकडचे. मोठ्या रस्त्यात त्यांचं सगळं वावर गेलं आणि मोबदला मिळाला. गावात कुणी गाड्या घेतल्या, कुणी लग्नं थाटात केली. किसनरावांनी घरं घ्यायचं ठरवलं. काही भाड्याने द्यायची, काही डागडुजी करून विकायची. सगळी एका गावात मात्र घ्यायची नाहीत. सगळं बी एकाच वावरात पेरू नये, असं ते म्हणत. शेती गेली होती, पण बोलणं शेतकऱ्याचंच राहिलं होतं.

सुरुवातीचे दिवस माझे फार चांगले गेले. मेहकरला बसस्टँडच्या मागे दोन खोल्या होत्या. माझी निळी बाजू पाहून एक नर्सबाई आल्या आणि सहा वर्षं राहिल्या. चिखलीला किसनरावांनी एक पडीक घर घेतलं, फरशी बदलली, नळ बसवले, रंग दिला. माझी लाल बाजू तिथे जेमतेम दोन महिने टांगलेली होती. तेवढ्यात घर गेलं, आणि चांगल्या भावात गेलं.

त्या दसऱ्याला माझा जो मान झाला तो मी कधी विसरणार नाही. दसऱ्याला घरोघरी नांगर, विळे, पाभर पुजतात ना? किसनरावांच्या घरी पुजायला आऊत उरलंच नव्हतं. मग त्यांनी मला पाटावर ठेवलं. त्यांच्या सुनेने, अश्विनीने, मला हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. "आता हेच आपलं आऊत," किसनराव म्हणाले. अश्विनी हसली नाही. ती मुळात कमी हसायची. तिचा शिवम तेव्हा रांगत होता आणि तिचं लक्ष सतत त्याच्याकडे आणि समईच्या ज्योतीकडे.

मग किसनरावांनी छत्रपती संभाजीनगरला फ्लॅट घेतला. मला काखेत मारून एसटीने नेलं. तिथल्या वॉचमनने मला गेटवर लावूच दिलं नाही. तिथे घरं मोबाईलवरच्या फोटोंवरून विकली जातात म्हणे. मी तशीच परत आले. तो फ्लॅट किती तरी दिवस पडून राहिला. किसनराव घुश्शात होते. आपल्याला माती कळते, सिमेंटची जंगलं कळत नाहीत, आता माती पाहूनच घर घ्यायचं, असं ते येताना शेजारच्या प्रवाशाला सांगत होते.

मित्रांनो, इथेच चूक झाली. ती चूक शेतकऱ्यानेच करावी अशी होती.

माघात ते सोनाळ्याला एक घर पाहायला गेले. नवीन लेआउटमधलं, दोन खोल्यांचं, स्लॅबचं. आधी तिथे वावर होतं. किसनरावांनी घर नीट पाहिलंही नाही. ते अंगणात उकिडवे बसले, ढेकूळ उचललं, तळहातावर चुरलं, नाकाशी नेलं. माती काळीभोर, लोण्यासारखी. "अशा जमिनीत काठी रोवली तं काठीले पानं फुटतीन," ते म्हणाले. विकणाऱ्याने लगेच कागद पुढे केले.

पण पिकाला मानवते ती माती घराला मानवत नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात आकसून फाटते. तिच्यावर घर बांधायचं तर खाली कठीण थर लागेपर्यंत खणावं लागतं, पायात मुरूम भरावा लागतो. चिखलीचं घर मुरमावर उभं होतं, म्हणून ते हललं नाही. किसनरावांना वाटलं, ते रंगामुळे आणि फरशीमुळे विकलं गेलं.

चैत्रात ऊन तापलं आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून स्लॅबपर्यंत भिंत फाटली. किसनरावांनी पुट्टी भरून वर रंग दिला. आठ दिवसांत भेग पुन्हा उघडली, आता बोट जाईल एवढी. त्या दिवशी घर धुऊन घ्यायला त्यांनी अश्विनीला सोबत आणलं होतं. शिवम तिच्या कडेवर होता. त्यांनी मला भेगेवर लावलं आणि तिला म्हणाले, एका हाताने धर.

"मामाजी, हे भेग घेणाऱ्याले सांगा लागते," ती म्हणाली. "लेकरंबाळं राहतीन इथं."

"घर इकून राह्यलो का सोयरीक जोडून राह्यलो? ज्याले घ्यायचं तो पाहून घेईन."

त्यांच्या ओठांत खिळे होते. एकेक काढून ते ठोकत गेले. अश्विनीचा हात माझ्यावर होता. शेवटचा खिळा बसेपर्यंत तिने तो काढला नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गिऱ्हाईक आलं. दयाराम आणि समता, आणि त्यांची पाच वर्षांची छकुली. ते दोघं भाजीपाला पिकवून आठवडी बाजारात विकत. अकरा महिन्यांचा करार संपला की दरवेळी खोली बदलायची, असं त्यांचं चाललं होतं. छकुली आता पहिलीत जाणार होती. तिला एकाच घरातून, एकाच रस्त्याने शाळेत जाता यावं, एवढंच समताला हवं होतं. ते तिने आल्या आल्या सांगूनही टाकलं. घर घेणाऱ्याने एवढं मन उघडं करू नये, असं दयारामने तिला हळूच खुणावलं.

दयाराम माणूस सावध. त्याने भिंती वाजवून पाहिल्या. मग विचारलं, "काकाजी, पायात मुरूम हाय ना? काळी हाय ही."

"हाय म्हणजे? मी सोता उभा राहून भरून घेतला."

किसनरावांनी घर बांधलेलंच नव्हतं. ते त्यांनी आयतं घेतलं होतं.

छकुलीला नुकतंच वाचता यायला लागलं होतं. खाटेवर चढून ती माझ्या अक्षरांवरून बोट फिरवू लागली. घ, र, वि. मग तिने माझा खालचा कोपरा उचलून मागे डोकावलं.

"आई, पाटीमागं भिंत फाटली."

माझा जन्म झाल्यापासून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. सुटले, असं मला वाटलं.

"रंगाचा पोपडा हाय बेटा तो," किसनराव हसून म्हणाले आणि त्यांनी तिला अलगद खाली उतरवलं.

समताने किसनरावांकडे पाहिलं नाही. तिने दाराशी उभ्या असलेल्या अश्विनीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अश्विनीने नजर खाली वळवली आणि ती कडेवरच्या शिवमचं टोपडं बांधू लागली. ते आधीच बांधलेलं होतं.

समताने मान डोलावली आणि घर त्यांचं झालं.

राहायला आल्यावर दयारामने मला बाजूला सरकवलं तेव्हा त्याला सगळं दिसलं. त्याने फोन केला. आता घर तुमचं, एवढंच उत्तर मिळालं. पैसा घरात गेलेला, जुनी खोली सोडलेली. जायचं कुठे? त्याने सिमेंटने भेग बुजवली आणि समता रोज सकाळी तिथे बोट लावून पाहू लागली. आषाढात पाणी पडलं, खालची माती फुगली. आधी दार लागेना, मग उघडेना. त्याला रंधा मारायचा, असं दयाराम रोज म्हणायचा.

एका सकाळी समता नळावर होती. छकुली आत झोपली होती. वाऱ्याने दार लागलं आणि चौकटीत घट्ट बसलं. थोड्या वेळाने खिडकीवरची भिंत मला घेऊन खाली आली.

मित्रांनो, त्यापुढचं मी थोडक्यात सांगते. दयारामने सब्बलीने, लोखंडी पहारीने, दार फोडलं. छकुली जिवंत होती. तिचा पाय भिंतीखाली होता. डॉक्टरांनी पाय वाचवला, पण उजवी टाच अजून जमिनीला टेकत नाही. शाळेच्या त्या एकाच रस्त्याने तिला अजून बापाच्या खांद्यावरूनच जावं लागतं. किसनराव दवाखान्यात आले होते. दारापर्यंत आले आणि परत गेले.

माझा एक कोपरा दुमडला. समताने मला उचलून पडक्या खिडकीला लावलं, पाऊस आत येऊ नये म्हणून. आता मी तिथेच असते.

परवा अश्विनी आली, एकटीच. समताने तिला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून अश्विनी म्हणाली, "पाटी मीच धरली होती."

समता मेथी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मी तुमच्याकडं पाह्यलं होतं ना, ताई," ती म्हणाली. "काकाजीकडं नाही पाह्यलं. तुमच्या कडेवर लेकरू होतं, म्हणून तुमच्याकडं पाह्यलं."

अश्विनीने तांब्या खाली ठेवला. ती उठली आणि गेली. पाणी तसंच राहिलं.

मित्रांनो, मी पत्रा आहे. माझ्यावर जे लिहिलं तेवढंच मला बोलता येतं. मागे काय आहे ते मला सांगता आलं नाही. तुम्ही मोठे व्हाल, घरं घ्याल, विकाल, भाड्याने द्याल, त्यात वाईट काही नाही. घर पाहायला गेलात तर भिंतीवरची पाटी उचलून मागे पाहा आणि पायाखाली कोणती माती आहे ते विचारा. आणि दुसऱ्याचं लेकरू त्या भिंतीखाली झोपणार असेल, आणि त्याची आई तुमच्याकडे पाहत असेल, तर कृपा करून खाली पाहू नका.