चार डब्यांचं माप

मॅडम वाईट बातमी नेहमी उभ्यानेच सांगायच्या. बसल्या तर समजावं, काहीतरी चांगलं आहे. त्या सोमवारी त्या आत्याच्या टेबलाशी आल्या, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अकरा मशीनचं भाडं आता झेपत नाही. गुरुवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत आठ मशीनवर या. नाही जमलं तर फोनसेवा बंद. तिच्यातून आपल्याला छदामही मिळत नाही."

"येत्या गुरुवारी?"

"येत्या गुरुवारी." आणि गेल्यासुद्धा.

आत्या म्हणजे अख्ख्या ऑफिसची आत्या. खरी आत्या ती एकाचीच, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तिच्या भाच्याची. पण त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हाक मारली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. बाई पन्नाशीला टेकलेली. पूर्वी टायपिंगचे वर्ग घ्यायची. टाइपरायटर भंगारात गेले तशी कॉम्प्युटरकडे वळली आणि पुस्तकं वाचत, चुका करत, पुन्हा पुस्तकं वाचत सर्व्हर सांभाळायला शिकली.

कंपनी शहरातल्या बसगाड्यांसाठी तिकिटांचे, नकाशांचे, वेळापत्रकांचे प्रोग्रॅम बनवायची. आणि ही फोनसेवा. ज्यांना दिसत नाही त्यांनी एका नंबरवर फोन करायचा, थांब्याचं नाव सांगायचं, की पलीकडून आवाज येणार, तुमची बस चार मिनिटांत येते आहे. आवाज आत्याचा. दोन हजार तीनशे थांब्यांची नावं तिने घरच्या कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड केली होती, कारण कपड्यांत आवाज घुमत नाही. एक पियानोचे सूर जुळवणारे गृहस्थ तर माहिती ऐकून झाल्यावर रोज न चुकता "आभारी आहे, बाई" म्हणायचे. मशीनला!

ती सेवा बंद? आत्याने चष्मा पदराऐवजी भाच्याच्या शर्टाला पुसला.

"अगं, शर्ट आहे माझा!"

"असू दे. बस इथे आणि आकडे काढ."

आता हे मशीनचं प्रकरण काय ते सांगायला हवं. प्रत्येक प्रोग्रॅम एका बंद डब्यात चालायचा आणि असे बरेच डबे एकेका भाड्याच्या मशीनवर शेजारी-शेजारी बसायचे. बसण्याआधी डब्याने सांगायचं, मला एवढी मेमरी राखून ठेवा. राखली की ती त्याची, वापरो न वापरो. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. गाडी भरलेली दिसते आणि निम्म्या सीटवर नुसते रुमाल. मग दुसरी गाडी मागवा.

आकडे निघाले तेव्हा आत्याच हसायला लागली. तिकिटांच्या डब्याला लागायची एक जीबी. भाच्याने भीतीपोटी लिहिली होती दोन. प्रोग्रॅम तपासणाऱ्या बाईंनी "असू दे हाताशी" म्हणून केली तीन. शेवटी आत्याने, कुणाला न विचारता, चार.

"म्हणजे तिघांनीही आपापली चिमूट टाकली," ती म्हणाली, "आणि खारट कुणी केलं म्हणून एकमेकांकडे बघतोय."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," भाचा म्हणाला. "आपण पाय पसरून झाल्यावर अंथरुणं विकत घेत होतो."

मंगळवार आणि बुधवार दोघांनी डबे एकामागून एक आवळले. प्रत्येकाचा दोन आठवड्यांचा वापर बघायचा, त्यावर थोडी ढील ठेवायची, बदल करायचा आणि श्वास रोखून बसायचं. तिकिटं आवळली. नकाशे आवळले. डबे सरकून एकमेकांना चिकटले, रिकामं झालेलं मशीन आपोआप बंद झालं. दहा! बुधवारी दुपारी नऊ! आत्या जिन्यात जाऊन दोन मजले उगाच चढून उतरून आली. बसवतच नव्हतं तिला.

पण नऊला गाडी अडली.

"एक प्रोग्रॅम राहिलाय," भाचा छताकडे बघत म्हणाला.

"कुठला?"

"तुझा. फोनसेवेचे चार डबे, प्रत्येकी चार जीबी. एकूण सोळा. म्हणजे अख्खं एक मशीन, आत्या. आणि वापर बघ. प्रत्येकी अर्धी."

आत्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वी ती सेवा वीस मिनिटं बंद पडली होती आणि पियानोवाले तेवढा वेळ थांब्यावर उभे राहिले होते. त्याच संध्याकाळी तिने तो आकडा चार केला होता.

"आपला तो बाब्या," भाचा हळूच म्हणाला.

"कळलं! पुढचं म्हणू नकोस." पण कान लाल झाले होते. दुसऱ्यांच्या डब्यांना फटाफट कात्री लावणारी बाई, आणि स्वतःच्या लेकराला भर उन्हात चार स्वेटर घालून बसवलेलं!

गुरुवारी सकाळी साडेसातला दोघं हजर. लोक कामाला निघण्याची वेळ, फोनची खरी गर्दी आठनंतर. आत्याने अर्ध्या जीबीवर थोडी ढील सोडली आणि पॉइंट सहा लिहिलं. राखलेली जागाही तेवढीच आणि कमाल मर्यादाही तेवढीच. त्यापुढे गेलास तर मशीन तुला मारणार. एकावेळी एकच डबा बदलायचा, बाकीचे तीन जुन्या मापाने फोन घेत राहणार.

पहिला नवा डबा उभा राहिला. मेला. पुन्हा उभा राहिला. पुन्हा मेला.

"हात दाखवून अवलक्षण," आत्या पुटपुटली.

"परत मागे घेऊ? तिघं चालू आहेत अजून. कुणाचा फोन तुटलेला नाही."

"मागे घेतलं की नऊ. नऊ म्हणजे अकरा वाजता सेवा बंद. थांब जरा. मरतोय कधी ते बघ."

"उठल्या उठल्या. चाळीस सेकंदांत."

"आणि आपण बघितलेला आलेख?"

"पाच-पाच मिनिटांची सरासरी..." भाचा बोलता बोलता थबकला.

"सरासरी!" आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, उठताना तो माझी दोन हजार तीनशे नावं एकदम मेमरीत घेतो. ती उलगडतो, जागेवर लावतो, मग पसारा आवरतो. दीड मिनिटाचा खेळ. आपण आवरलेलं घर बघितलं. पसाऱ्याच्या वेळी लागणारी जागा बघितलीच नाही!"

दर सेकंदाचा आकडा काढला. शिखर एक पॉइंट तीन. सात बावन्न झाले होते.

"मग दीड राखू या," भाचा म्हणाला.

"चार गुणिले दीड, सहा. मशीन सुटायचं नाही." ती उठली, दोन येरझाऱ्या घातल्या, परत आली. तिचे डोळे आता असे चमकत होते की भाच्याला भीती वाटावी. "राखायची पाऊणच. पण मर्यादा दीड. उठताना हात-पाय पसर बाबा, मग अंग चोरून बस."

"आणि चौघं एकाच मशीनवर एकदम उठले तर? शेजारच्या तिकिटांचा गळा आवळला जाईल."

"शाबास! म्हणून चौघांना चार वेगळ्या मशीनवर बसवायचं. प्रत्येक मशीनवर एकाच्या पसाऱ्यापुरती जागा मोकळी आहे, बघ. एक मशीन गेलं तरी तिघं फोन घेतील."

सात छप्पन्न. पहिला डबा उठला. पॉइंट आठ, एक, एक पॉइंट दोन. दोघांनीही श्वास घेतला नाही. एक पॉइंट तीन... आणि घसरला. पॉइंट पाचवर येऊन शहाण्यासारखा बसला.

"जगला!" भाचा ओरडला.

दुसरा. तिसरा. चौथा उठला तोवर आठ वाजून सहा मिनिटं झाली होती आणि फोन खणाणू लागले होते. चाळीस एकदम, साठ, नव्वद. एकही तुटला नाही. आठ एकोणीसला नववं मशीन रिकामं झालं, काही वेळ तसंच थांबलं, आणि यादीतून नाहीसं झालं.

"आठ!" आत्याने भाच्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो खोकायलाच लागला.

साडेनवाला मॅडम आल्या. आलेख बघितला आणि चक्क बसल्या.

"सव्वा तास आठवरच? गर्दीतसुद्धा?"

"गर्दीतसुद्धा."

"वा!" मॅडम पुढे झुकल्या. "मग सात होतील का?"

भाच्याने आत्याकडे पाहिलं. मंगळवारची आत्या असती तर भीतीने हो म्हणाली असती, सेवा वाचावी म्हणून. आज मात्र तिला माप माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "सातवर सगळं चालेल, बंद काहीच पडणार नाही, जोवर एखादं मशीन आजारी पडत नाही. ज्या दिवशी पडेल त्या दिवशी त्याच्यावरच्या डब्यांना बसायला जागा नसेल. मग तिकिटंही बंद. आठवर एक गेलं तरी सगळे मावतात. मी मोजलंय, दाखवू?"

"साडेसात नसतं का हो?"

"मॅडम, हा बाजार नाही."

मॅडम हसल्या. पर्समधून यादी काढली, 'फोनसेवा बंद' या ओळीवर सरळ काट मारली आणि कागद आत्याकडे सरकवला. "सही करा. पुढच्या वर्षीही मी मागे लागले तर हा दाखवा."

आत्याने सही केली. उत्साहात ती इतकी भरभर केली की सही आपलीच आहे हे तिलाच पटेना. म्हणून तिने खाली तारीख घातली आणि तारखेशेजारी, ठळक अक्षरात: मशीन आठ.