तीननं भाग जाणारी सून

माझ्या लेकीला, दीपालीला, बघायला लातूरहून पाहुणे आले. माझा सोमवारचा उपास होता, पण पोहे मीच केले. मुलाचे मामा हनुमंतराव पोह्यांच्या तेलकट बोटांनीच पोरीचा मोबाइल नंबर कॅल्क्युलेटरवर ठोकून बसले.

"दहा अंकी हाय, पण तीननं भाग जातोय. घर फुटंल, बाई. सुनेचा नंबर मूळ संख्या पाहिजे, एक आन् ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी. देवाचीच खूण हाय ती. तोडगा हाय की! पोराच्या नावावर एक प्लॉट करा."

दीपाली गणितात बी.एस्सी. झालेली. "मामा, तुमच्या भाच्याचा नंबर पाचावर संपतोय. त्याला पाचानं भाग जातो की!"

"पोराचा कोण बघतंय?" मामा खदखदून हसले. नवरा मुलगाही हसला.

मी रोज ज्याच्यापुढं दिवा लावते, त्याच्या नावावर हा माणूस पोहे खात प्लॉट मागत होता.

सवाष्णीला कुंकवाशिवाय धाडायचं नाही, हा माझा नेम. मुलाच्या आईला मी कुंकू लावलं आणि हळूच म्हणाले, "ताई, पोरगी देणार न्हाई आम्ही."