उभ्याने पाहिलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे आणि स्वभावाने पक्का संशयी आहे. माझ्या वाटीत बंदुकीची दारू मोजतात. ती थोडी कमी पडली की गोळी लांबच्या निशाणावर भरकटते. जास्त झाली तर बंदूक हातातच फुटू शकते. असल्या कामात भोळेपणा करून कसं चालेल?

अमेरिकेत मोंटानातल्या एका दुकानात ऑरव्हिल ट्वेट यांनी मला निवडलं. त्यांनी फळीवरच्या प्रत्येक तराजूच्या वाटीत कागदाचा एक कपटा ठेवून पाहिला. बाकीचे ढिम्म राहिले, माझा काटा मात्र हलला. त्या दिवसापासून त्यांच्या गॅरेजमधल्या बाकावर माझी वर्षं गेली. ते काडतुसं भरत आणि त्यांची मुलगी सिग्ने नेमबाजीच्या सामन्यात बक्षिसं आणी. कौतुक दोघांचं होई, पण थोडं मलाही मिळे.

मग ऑपरेशन करून ऑरव्हिल यांचा गुडघा बदलला. रिकाम्या वाटीने काटा शून्यावर आणताना ते कसेबसे वाकत, पण पुढचं सगळं मोजमाप उभ्यानेच करू लागले. वरून पाहिलं की काटा असतो त्याहून खाली दिसतो. मग ते वाटीत आणखी चिमूटभर दारू टाकत. मला सगळं कळत होतं, पण तोंड कुठून आणू?

सामन्याच्या आदल्या आठवड्यात सिग्ने सरावाहून तडक गॅरेजमध्ये आली.

"बाबा, गोळी झाडल्यावर बंदुकीचा बोल्ट उघडायला जोर लावावा लागतोय. दारू जास्त पडतेय."

"माझ्या हातून? शक्य नाही."

"मग एक फोडून बघू."

तिने एक काडतूस उघडलं, दारू माझ्या वाटीत ओतली आणि खाली बसून डोळे काट्याच्या रेषेत आणले. दारू खरोखरच जास्त होती.

"हा तराजू म्हातारा झालाय," ऑरव्हिल म्हणाले.

"तराजूच ना?" सिग्ने म्हणाली.

ते गाडी काढून गेले आणि विजेवर चालणारा, आकडे दाखवणारा नवा वजनकाटा घेऊन आले. त्याचं चकचकीत तोंड पाहूनच माझं डोकं फिरलं. हा गडी गोड बोलून माझी जागा बळकावणार, अशी माझी खात्रीच झाली. ऑरव्हिल यांनी तीच दारू त्याच्यावर ठेवली.

नव्या काट्यानेही माझाच आकडा दाखवला.

मला लाज वाटली. ऑरव्हिल माझ्याकडे बघत राहिले. मग बाकाला धरून कण्हत खाली बसले, माझ्या काट्याकडे समोरून पाहिलं, उठून वरून पाहिलं आणि पुन्हा खाली बसले.

"म्हणजे खोट माझ्यात आहे," ते म्हणाले.

सिग्नेने 'छे, तसं काही नाही' म्हटलं नाही. भरलेली सगळी काडतुसं तिने बाजूला ओढली आणि एकेक फोडायला घेतली. तेही हात लावू लागले.

"शनिवारी सामन्याला काय नेशील?" त्यांनी खाली मान घालून विचारलं. "बाजारातली घे बाई. तीच बरी."

"तुम्ही भरलेलीच नेणार."

"ज्याच्या हाताची शंका आहे, त्याने भरलेलं काडतूस कधी बंदुकीत घालायचं नाही. मीच शिकवलंय ना तुला?"

"हो. म्हणून तर खुर्ची आणतेय."

तिने दोन खुर्च्या आणल्या, मला उचलून एका खोक्यावर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत ठेवलं आणि वडिलांच्या शेजारी बसली. त्यांनी दारू टाकायची, तिने काटा वाचायचा. दोनदा तिने "जास्त आहे" म्हटलं. दोन्ही वेळा त्यांनी वाद न घालता वाटी रिकामी केली. नवा काटा पलीकडे जागाच होता आणि अधूनमधून दोघं त्यालाही विचारत होते. मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्रांनो, माझी दांडी ज्या धारेवर डोलते ती पुसा, मला धुळीपासून झाका, एवढं तर मागतोच. आणखी एक मागतो. आपल्या माणसाच्या हाताबद्दल शंका आली, तर ती मनात ठेवून दूर जाऊ नका. त्याला तोंडावर सांगा आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसा.