हत्तीची सोंड आणि माझं मौन

सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत माझं मौन असतं. नेम तसा सोपा आहे, घरच्यांनाच जड जातो. भाची म्हणते, "आत्या, तू बोलत नाहीस तेव्हा जास्तच ऐकू येतेस." त्या दिवशी मात्र माझं मौन तिच्या पथ्यावर पडलं.

भाची इंटरनेटवर एक मासिक काढते. नाव 'बिनपरवाना'. कचेरी म्हणजे आमची मागची खोली: इस्त्रीचं टेबल, त्यावर बिस्किटांचा रिकामा डबा आणि त्यावर लॅपटॉप. जे कुठे शिकले नाहीत, ज्यांना कोणी व्यासपीठावर बोलावत नाही, अशांची चित्रं, लिखाण, गाणी ती त्यात देते. एक बाई गुडघ्यांच्या एक्स-रेवर रेशमाने फुलं भरतात. एक पहारेकरी रस्त्यावर उभ्या गाड्यांवर प्रेमकविता करतो. निळ्या गाडीवरची वाचून मी देवासमोर बसल्या बसल्या हसले होते. मासिकाचा नियम एकच, 'आलं तसं'. कशाला कात्री लावायची नाही. थेट कार्यक्रम सुरू झाला की आभाळ कोसळलं तरी बंद करायचा नाही.

माझा दादा, म्हणजे भाचीचे बाबा, इस्पितळातले नळ जोडता जोडता निवृत्त झाला. वहिनी गेल्यापासून तो न्हाणीघरात आतून कडी लावतो आणि हत्ती वाजवतो. हत्ती हे त्यानेच बनवलेलं वाद्य. पोटाच्या जागी जुना गीझर, पाठीवर ओळीने तोट्या, पायाने दाबायचा पंप आणि पुढे सोंडेसारखी वाकडी नळी. पंप मारायचा, तोट्या फिरवायच्या, की आतून असं काही निघतं की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात थबकतात. पण त्याला वाजवताना कोणीच पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही.

भाची त्याच्या हात धुऊन मागे लागली होती. "बाबा, एकदाच वाजवा!"

"लोक हसतील."

"हसू देत की!"

"मग तूच वाजव."

शेवटी तो कसाबसा राजी झाला. "दार बंद राहील. कॅमेरा दाराबाहेर. आणि काही विचका झाला तर पुन्हा विषय काढायचा नाही. हत्ती मोडीत जाईल, सांगून ठेवतो." भाचीने मान डोलावली, पण मला ठाऊक होतं, दादा बोलला की बोलला.

कार्यक्रम साडेअकराचा. दादाने सकाळीच न्हाणीघर घासून काढलं आणि लादी सुकेपर्यंत हत्ती जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवला. तिथेच भंगारवाल्यासाठी काढलेली गळकी बादली आणि चिरलेला टब होता. हत्ती तिथे आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी पूजेत होते.

भाचीने माझ्या हातात फोन दिला. "आत्या, तू बोलणार नाहीस, म्हणून तूच धर. फक्त बंद दार दाखवत राहायचं." मग तिने बटण दाबलं आणि दारापुढे उभी राहून मासिकाची माहिती सांगू लागली. दादा आत शर्ट बदलायला गेला होता. जो कोणाला दिसणार नव्हता, त्याला इस्त्रीचा शर्ट हवा होता!

तेवढ्यात घराच्या उघड्या दारातून भंगारवाल्याने डोकं आत घातलं. "मावशी, जिन्यातलं नेऊ?"

मी होकाराची मान हलवली.

"सगळंच?"

मी फोन सांभाळत मोकळ्या हाताने असा काही गोल केला की त्यात बादलीच काय, अख्खी इमारत बसली असती.

दादा भांग पाडून हत्ती आणायला गेला आणि रिकाम्या हातांनी परतला. "हत्ती नाहीये," तो म्हणाला. ओरडलासुद्धा नाही. "चला. देवाच्याही मनात नव्हतं." आत गेला आणि कडी लावली.

देवाच्या नावावर माझा गोंधळ खपवतोय म्हटल्यावर माझ्या पायांना चाकं फुटली. भाची दारावर थापा मारत "बाबा, बाबा" करत होती. मी जिना उतरून रस्त्यावर आले. हातात फोन तसाच.

हातगाडी कोपऱ्यापर्यंत पोचली होती. टबामध्ये आमचा हत्ती, सोंड मागे लोंबत. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाराला अवकाश होता. देवा, आता तूच बोल, असं मनात म्हणत मी धावले, सोंड पकडली, तोंडाला लावली आणि फुंकली.

म्हैस रेकावी तसा आवाज आला. भंगारवाला उडालाच.

"अहो मावशी! जीव जायचा ना माझा! काय झालं?"

मी दंड नाकाला लावून हात झुलवला.

"हत्ती?" त्याने घाबरून मागे पाहिलं. "कुठंय हत्ती?"

मी गाडीकडे बोट केलं, कान हलवून दाखवले.

"ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा बघू," असं म्हणत तो गाडी ढकलू लागला. मी सोंड सोडली नाही. मागून फरफटत, जी हाताला येईल ती तोटी फिरवत फुंकत राहिले. कधी म्हैस, कधी तुंबलेलं बेसिन. केशकर्तनालयातून गालाला फेस लावलेला माणूस बाहेर आला. खिडक्या उघडल्या. आमच्या न्हाणीघराची खिडकीसुद्धा.

"अगं, तिसरी तोटी! तिसरी बंद कर, हवा जातेय सगळी!"

दादा! क्षणभराने तो रस्त्यावर होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, एका पायात न्हाणीघरातली चप्पल.

"सरक! तोंडाने वाजवतात होय? पंप कशाला दिलाय?"

"कोणता पंप?" भंगारवाला म्हणाला.

"तो काय! दाब पायाने. हळू, सायकलमध्ये हवा नाही भरायची!"

भंगारवाल्याने पंप खाली ओढून त्यावर पाय दिला आणि दादाने तोट्या फिरवल्या. भर रस्त्यात. हत्ती आधी कण्हला, मग सूर लागला आणि वाढतच गेला. बंद दाराआडून कितीदा ऐकलेला सूर, पण दादाची मान अशी डुलते, तो खालचा ओठ दातांत धरतो, हे मला कुठे माहीत होतं? फेसवाला माणूस ताल धरू लागला. लोक हसत होते. दादाने वर पाहिलं, त्यांना हसताना पाहिलं, आणि तोही हसायला लागला. हसता हसता दोन तोट्या चुकल्या, तर त्या चुकाच पुन्हा वाजवल्या.

भाची धापा टाकत पोचली. माझ्या हातातला फोन पाहून तिने कपाळावर हात मारला. "आत्या! हे सगळं चालूच होतं? उलटं?"

मी मान डोलावली. आलं तसं.

तिने फोन घेतला आणि वाचून खिदळायला लागली. "बाबा, लोक विचारतायत, सुरुवातीच्या बाईंचं वादन वेगळं मिळेल का!"

"ते वादन होतं?" दादा म्हणाला. "तू बोल की गं आता. बारा केव्हाच वाजले."

खरंच वाजले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. काय बोलणार? मी चष्मा वर सरकवला आणि सोंडेला तोंड लावलं.

"तिसरी तोटी!" दादा ओरडला.