‘ठीक’ लिहिण्याआधी

जेवणाआधी थोरल्याने वही उघडली, तारीख घातली आणि खाली लिहिले: ‘प्रभू, धाकट्याला क्षमा केली. आभार.’ एवढ्याशा ओळीलाही नेहमीसारखाच वेळ लागला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट नसल्यामुळे तळव्याला कागदावर टेकायला आधार उरला नव्हता. हात तरंगत राही आणि ओळ पुढे जाता जाता खाली घसरे. वही मिटून तो उठला. गॅसचे बटण पाहिले, न्हाणीघरातला नळ आवळला, दाराची कडी काढून पुन्हा लावली.

“घरात लिफ्ट नाहीये,” बायको भांड्यांवरून मान न उचलता म्हणाली. “बसा जरा. ती कडी मघापासून किती वेळा तपासलीत? चोर आला तर तोही कंटाळून परत जाईल.”

“लिहून झालं की बरं वाटेल म्हणाले होते पाळकसाहेब.”

“मग वाटलं का?”

“लिहिलं तर आहे.”

“मी वाटलं का विचारलं.”

त्याने खिडकीशी जाऊन तिचा खटका बसला आहे की नाही ते पाहिले.

रोजनिशी ठेवण्याचा सल्ला पाळकांचा होता. थोरला चर्चच्या मंडळीतल्या वडिलांपैकी, म्हणजे नेमलेल्या ज्येष्ठांपैकी, एक. उपासनेच्या वेळी दाराशी उभा राहून लोकांना जागा दाखवणारा, आजाऱ्यांकडे जाऊन प्रार्थना करणारा. पण अलीकडे प्रार्थनेला बसले की त्याचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. पाळकांनी ते ओळखले होते. ‘तोंडाने सुचत नसेल तर लिहा,’ ते म्हणाले होते, ‘रोज थोडं. देवापुढे मन उघडं करायचं, बाकी काही नाही.’ थोरल्याला ही सूचना पटली होती, कारण लिहिण्याची शिस्त त्याच्या हाडात होती. तो लिफ्टचा मेकॅनिक होता. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर, मोटारीच्या खोलीत, भिंतीला एक कार्ड टांगलेले असते. ब्रेक, दोर, दारे, खालचा खड्डा, असे एकेक तपासायचे आणि समोर ‘ठीक’ लिहून सही करायची. वहीतही त्याने तसेच सुरू केले. त्याच्या मनात तपासण्यासारखा एकच भाग होता, त्यामुळे नोंदही एकच होती.

धाकटा भाऊ पूर्वी त्याच्याच हाताखाली कामाला होता. खड्ड्यात माणूस उतरला असताना वरच्याने लिफ्ट हलवायची नाही, आधी खालून हाक यायला हवी, हा त्या कामातला पहिला नियम. त्या दिवशी धाकट्याला घरी जायची घाई होती. त्याने हाकेची वाट पाहिली नाही. थोरल्याचा हात चाकाशी होता. पुढे कंपनीची चौकशी झाली तेव्हा धाकट्याने सांगितले, ‘दादानेच चालव म्हटलं.’ नियम मोडल्याचा ठपका थोरल्यावर आला; बोटे गेली होतीच, तो ठपकाही त्याने गिळला.

मग एका रविवारी, भर उपासनेत, धाकटा उभा राहिला आणि सगळ्यांपुढे रडत म्हणाला की मी खोटे बोललो होतो. बाकांवरचे सगळे चेहरे थोरल्याकडे वळले. थोरल्याला विचार करायला सवडच मिळाली नाही. तो चालत भावापर्यंत गेला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, “माफ केलं रे.” लोकांचे डोळे भरून आले; मागून कोणीतरी गीत सुरू केले. त्या दिवसापासून मंडळीत क्षमेचा विषय निघाला की थोरल्याचे उदाहरण दिले जाई, आणि तो मान खाली घालून ते ऐकून घेई.

आता येत्या रविवारी धाकट्यालाही वडील म्हणून नेमायचे होते. नेमणुकीच्या वेळी आधीचे वडील नव्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. पाळकांनी आनंदाने सांगितले होते, “सर्वांत आधी तुमचा हात. उजवाच. लोकांना त्याचा अर्थ कळेल.” तेव्हापासून थोरल्याला घरात एका जागी बसवत नव्हते.

शुक्रवारी त्याला दुसऱ्याच्या इमारती पाहायला पाठवले. तिकडचा मेकॅनिक सुटीवर गेला होता. भराभर कामे उरकतो म्हणून त्याला सगळे ‘विमान’ म्हणत. मोटारीच्या खोलीत शिरल्यावर थोरल्याने सवयीने आधी कार्ड पाहिले. महिन्यामागून महिना ‘ठीक’ लिहिलेले होते. अक्षर सुरेख, पण शाई सगळीकडे एकच, सह्याही एका दमात ठोकल्यासारख्या एकसारख्या. त्याने मोटार बंद केली आणि ब्रेकच्या झाकणाला पाना लावला. बोल्ट फिरेना. त्याच्या कडांवर गंजाचा तांबूस थर धरला होता. तेल सोडून, थांबून, पुन्हा जोर लावून त्याने झाकण काढले. आत काळी भुकटी साचली होती आणि ब्रेकची गादी एका बाजूने पार झिजली होती.

त्याने तिथूनच विमानाला फोन लावला.

“ब्रेक उघडला होतास?”

“उघडला असेन की, उस्ताद.”

“असेन म्हणजे?”

“अहो, ती लिफ्ट कधी बंद पडलीये का? लोक खाली-वर करतायत ना झक्क?”

“करतायत. नशिबाने करतायत. बोल्टला वर्षभर पाना लागलेला नाही आणि तू दर महिन्याला ठीक लिहिलंयस.”

“आता सुटीत पण झापणार का? ते कार्ड वाचतं कोण?”

“मी वाचतोय.”

“तुम्ही एकटेच,” विमान हसत म्हणाला. “परत आलो की चहा पाजतो, मग हवं तेवढं झापा.”

थोरला हसला नाही. फोन ठेवल्यावरही त्याचा राग उतरेना. गादी बदलताना, भुकटी पुसताना तो मोठ्याने बोलत होता: हात लावायचा नाही, उघडून बघायचं नाही, आणि ठीक. बाहेरून चालतंय ना, मग ठीक. काम संपवून त्याने खिशातून पेन काढले, कार्डावर टेकवले आणि त्याचा हात थांबला. रोज जेवणाआधी तो याच पेनाने वहीत लिहीत असे.

अवजारांच्या पेटीवर तो बसून राहिला. खालून कोणीतरी लिफ्ट का बंद आहे म्हणून हाका मारत होते.

“आलो, आलो,” तो म्हणाला, पण उठला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर कपडेही न बदलता त्याने वही उघडली. मागची पाने उलटली. एकच ओळ, उजवीकडे घसरत गेलेली, पानापानावर. परक्याचे कार्ड वाचावे तसे त्याने ते सगळे वाचून काढले. मग नव्या पानावर लिहिले: ‘क्षमा केलेली नाही. उघडून पाहिले नव्हते.’

एवढे लिहून थांबायचे असे त्याने ठरवले होते, पण हात थांबला नाही. त्याने लिहिले की मला त्या दिवशी माफ करायचेच नव्हते, सगळे बघत होते म्हणून मी उठलो. मला ओरडायचे होते. तो माझ्या घरी येऊन एकटा माझ्यासमोर का बसला नाही. शंभर माणसांच्या आड का बोलला. मग तो देवावर घसरला. तुलाही त्या दिवशी गाणेच हवे होते का? मी रोज ठीक लिहितो तेव्हा तू मानतोस तरी का? अक्षर वेडेवाकडे होत गेले, एक ओळ दुसरीवर चढली. असे काही लिहिल्यावर आपल्याला भीती वाटेल, असे त्याला वाटले होते. इतकी वर्षे त्याच्या मनातला देव कंपनीच्या तपासनिसासारखा होता: महिन्याकाठी येणारा, कार्ड पाहून मान हलवणारा. आज प्रथमच त्याला वाटले की देव कार्ड पाहतच नाही. झाकण काढले आहे तिथे, काळ्या भुकटीशेजारी, तो केव्हाचा बसून आहे आणि त्याला जायची घाई नाही.

यामुळे मन शांत झाले, असे मात्र नव्हे. उलट त्याला बसवेना.

“आज कडी नाही तपासलीत,” बायको म्हणाली.

“उद्या धाकट्याकडे जाऊन येतो.”

तिने हात पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिले. “भांडायला?”

“माहीत नाही.”

“मग जाच,” ती म्हणाली. “माहीत असतं तर नका जाऊ म्हटलं असतं.”

लिफ्टचे काम सोडल्यावर धाकट्याने किल्ल्या बनवण्याचे दुकान काढले होते. एका माणसापुरती जागा. भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, मध्ये घासण्याचे यंत्र, खाली पितळेचा चुरा. थोरला आत आला तेव्हा यंत्र फिरत होते. धाकट्याने ते बंद केले आणि स्टूल पुढे सरकवले.

“दादा, ये ना. वहिनी नाही आली? रविवारचा शर्ट घेतलाय मी, दाखवतो थांब—”

“शर्ट राहू दे. मला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस.”

धाकटा उभाच राहिला.

“मी तुला माफ केलं म्हणून सगळीकडे सांगत आलो. केलेलं नाही. मला वाटायचं केलंय. काल कळलं, नाही केलेलं.”

रस्त्यावरून कोणीतरी गाडी वळवत होते. धाकट्याने हातातली किल्ली काउंटरवर ठेवली.

“मला माहीत होतं,” धाकटा म्हणाला.

“कसं?”

“तू मला काहीही देताना डाव्या हाताने देतोस. पाण्याचा पेलासुद्धा. इतरांना उजव्याने देतोस. मी बघतो ना.” त्याने कपाळावरचा घाम बाहीने टिपला. “मीच विचारायला हवं होतं. वाटलं, दादा माफ केलं म्हणतोय, सगळे म्हणतायत, तर कशाला उकरून काढायचं. सोयीचं होतं मला.”

“सोयीचं मलाही होतं. मोठेपणा मिळत होता फुकटचा.”

“आता काय करू, सांग. पाया पडू?”

“नाटक नको. ऐक फक्त.”

आणि थोरल्याने सांगितले. शर्टाची बटणे लावायला किती वेळ लागतो. थंडीत नसलेल्या बोटांची टोके कशी ठणकतात. मुलगी लहान होती तेव्हा तिचा हात धरून रस्ता ओलांडताना तो निसटेल या धाकाने तो तिला नेहमी डावीकडे घेत असे. चौकशीनंतर नवशिके त्याच्या पाठीमागे म्हणत, नियम शिकवतोय बघ कोण. तो आवाज न चढवता बोलत होता, पण उभ्याउभ्या त्या अरुंद जागेत फेऱ्या मारत होता आणि दर वळणावर किल्ल्या खांद्याला लागून किणकिणत होत्या. धाकट्याने मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. शेवटी थोरला स्टुलावर बसला.

“बघू हात,” धाकटा म्हणाला.

“काय बघायचंय त्यात?”

“मी अजून पाहिलाच नाही दादा. नजर चुकवतच आलो.”

थोरल्याने क्षणभर मूठ आवळली, मग हात काउंटरवर ठेवला. धाकट्याने तो उलटा-सुलटा करून पाहिला, शिवणीच्या जुन्या वणांवरून अंगठा फिरवला. पितळेचा बारीक चुरा त्या कातडीला चिकटला. त्याने तो पुसला नाही. थोरल्यानेही हात ओढून घेतला नाही.

“मग उद्या?” धाकट्याने विचारले. “ठेवशील डोक्यावर?”

“उद्या ठेवला तर तो लोकांसाठी असेल.”

“पुन्हा कधी?”

“ते मी कसं सांगू? आज कुठे झाकण निघालंय.”

धाकट्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर दुखावल्याची खूण होती आणि ती त्याने लपवली नाही. “मी जाऊन सांगतो पाळकांना, या खेपेला माझं नाव नको म्हणून. कारण काय सांगू?”

“खरं ते सांग.”

“रागावतील. सगळ्यांना कळवून बसलेत.”

“रागावू देत. रोजनिशी लिहा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं.”

धाकट्याला हसू आले, पण ते अर्ध्यातच थांबले.

रविवारी पाळकांनी नावे वाचली. त्यांत धाकट्याचे नव्हते. बाकांवर कुजबुज झाली. कोणीतरी मागे म्हणाले, “भावाभावांत बिनसलं वाटतं पुन्हा.” थोरल्याने ते ऐकले. तो त्या दिवशी दाराशी उभा राहिला नाही. धाकट्याच्या बाकावर, त्याच्या शेजारी बसला. गीताचे पुस्तक धाकट्याने धरले होते. पान उलटताना ते निसटू लागले तेव्हा थोरल्याने खालून हात लावला. तो उजवा होता हे दोघांच्याही लक्षात आले, आणि दोघांनीही पुढची ओळ जरा चुकवली.

संध्याकाळी त्याने वही उघडली. पाय अजून उठून फिरायला मागत होते. तो त्यांना तसेच ठेवून बसला. तारीख घातली. नेहमीची ओळ हाताच्या टोकाशी तयार होती, पण त्याने ती येऊ दिली नाही. बराच वेळ थांबून त्याने लिहिले: ‘प्रभू, उघडले आहे. आत गंज आहे. आज हात लावला. काम बाकी.’

सही करायला पेन खाली नेले, आणि मग सही न करताच त्याने वही मिटली.