मथुराबाईचं फडकं

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. सागवानी चौकट आणि मध्ये बारीक जाळी, एवढाच माझा देह. राळेगावात हजराबी मला अंगणातल्या हौदात बुडवून वर काढते, तेव्हा चिंध्यांच्या लगद्याचा पातळ थर माझ्यावर बसतो. वाळला की तोच हातकागद. हजराबीची लेक जेबा त्यावर चित्रं काढते, त्याची पाकिटं आणि आकाशकंदील करते. लोक तिचं तोंडभर कौतुक करतात. साच्याकडे कोण बघतं? असो.

पण त्या दिवसाचा धक्का मी अजून पचवलेला नाही.

बोंडअळीचं साल होतं. लोक कपाशीची उभी पऱ्हाटी उपटून टाकत होते. कापूस वेचणीचं काम बंद, म्हणून वेचणीवर जाणाऱ्या मथुराबाईने चार पैशांसाठी घरातल्या चिंध्या गाठोडं बांधून आणून दिल्या. जेबाने त्या कातरल्या, कुटल्या, हौदात सोडल्या. वरचं बांधलेलं कापडही तिने चिंधीच समजून कातरलं. मला काय ठाऊक? मी खुशाल डुंबत होतो.

तेवढ्यात मथुराबाई धावत आली.

"हजराबी, माह्यं फडकं दे वो लवकर! धावजीच्या वावरात वेचा निघाला. बाया ऑटोत बसून राह्यल्या!"

"कोणतं फडकं?"

"गाठोड्याले बांधलं होतं ते. वेचणीचं."

बाप रे! कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात, ते फडकं! त्याशिवाय वेचलेला कापूस ठेवायचा कुठे?

जेबाने माझ्याकडे बोट दाखवलं. "मौशी, मी तं चिंधीच समजली..."

मी हादरलो. ते फडकं माझ्याच जाळीवर ओलं पसरलं होतं, कागद होऊन.

"आता मले कोण नेईन वो?" मथुराबाई मटकन खाली बसली. कितीतरी दिवसांनी काम आलं होतं, आणि बाहेर ऑटोचा भोंगा वाजत होता.

हजराबीने मला धाडकन काठावर टाकलं. आजवर तिने मला असं कधी टाकलं नव्हतं. तिने डोक्यावरची ओढणी ओढून काढली आणि मथुराबाईच्या कमरेला घट्ट बांधली. उघड्या डोक्याने ती कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. त्या दिवशी मात्र "थांब रे, एक बाई राह्यली!" ओरडत भर रस्त्यात धावली.

संध्याकाळी मथुराबाई ओढणी धुऊन घेऊन आली.

"राहू दे तुह्यापाशीच," हजराबी म्हणाली. "उद्या वेचा हाय ना?"

मित्रांनो, हातकागद उगाच चुरगाळू नका. आणि कुणाच्या गाठोड्याला कात्री लावण्याआधी, कृपा करून, एकदा विचारा.